रशिया शेजाऱ्यांची भांडणं मिटवतो की भिजत ठेवतो? मांडणीसाठी मदत हवी

मासुंदाकाठ (ठाणे)

नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमचं अभ्यासमंडळ दर रविवारी सकाळी भरतं. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं असतात, निवृत्त मंडळी असतात. येत्या रविवारी ४० मिनिटांचा विषय माझ्याकडे आहे: सोव्हिएत संघ फुटल्यावर शेजारी देशांत उरलेली भांडणं आणि त्यांतला रशियाचा हात.

सनावळी तयार आहे, आणि अडचण तिचीच आहे. ती वाचून दाखवली की ऐकणारे म्हणणार, "म्हणजे रशिया घुसला आणि बसला, एवढंच ना?" पण दर ठिकाणी तो वेगळा वागलेला दिसतो. मोल्दोव्हापासून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रियात १९९२ पासून रशियन सैन्य आहे, तरी मॉस्कोने त्या प्रदेशाला आजवर देश म्हणून मान्यता दिलेली नाही. जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियाला वर्षानुवर्षं दिली नाही आणि ऑगस्ट २००८ मध्ये एका झटक्यात दिली. अझरबैजानच्या हद्दीतल्या, आर्मेनियन वस्तीच्या नागोर्नो-काराबाखमध्ये २०२० साली शांतिसैनिक पाठवले, ते २०२४ मध्ये मुदतीआधीच परत नेले. पूर्व युक्रेनमधल्या डोनबासला आठ वर्षं टांगून ठेवलं, २१ फेब्रुवारी २०२२ ला मान्यता दिली आणि तीन दिवसांत सर्वंकष युद्ध सुरू केलं.

मला हवी आहे ती या सगळ्याची कार्यपद्धती. तिचे भाग कोणते? शांतिसेना म्हणतात ती खरोखर शांतिसेना असते का? काराबाखमध्ये काय बिघडलं? आणि "भारताने श्रीलंकेत हेच केलं ना?" हा प्रश्न शंभर टक्के येणार, त्याला काय सांगायचं?

---

घोडबंदरकर

ताई, शीर्षकात तुम्ही "भिजत" लिहिलंत तिथेच अर्धं उत्तर आहे. वर्तमानपत्रांत "गोठलेला संघर्ष" हा शब्द चालतो, तो फसवा आहे. गोठलेली वस्तू आपोआप तशीच राहते, असं वाटतं. घोंगडं भिजत राहायला मात्र कुणीतरी पाणी घालत राहावं लागतं. तुमचे ४० मिनिटांचे श्रोते ते पाणी कोण, कुठून आणि कशाने घालतो एवढं समजून घरी गेले तरी पुष्कळ.

सुरुवात युद्धविरामाच्या कागदापासून करा, आणि कागद वाचताना आधी सह्या बघा. ट्रान्सनिस्ट्रियाचं युद्ध थांबलं ते २१ जुलै १९९२ च्या मॉस्को कराराने. सह्या दोनच: रशियाचे येल्त्सिन आणि मोल्दोव्हाचे स्नेगुर. भांडण मोल्दोव्हाचं स्वतःच्याच एका पट्ट्याशी, पण कागदावर समोरचा पक्ष रशिया. त्याच कागदाने रशियाला शांतिरक्षकही केलं. म्हणजे पक्षकार, मध्यस्थ आणि पोलीस, तिन्ही एकच.

मग समितीची रचना बघा. दक्षिण ओसेशियासाठी २४ जून १९९२ ला सोचीमध्ये जो करार झाला, त्यातून संयुक्त नियंत्रण आयोग निघाला. त्यात चार बाजू होत्या: जॉर्जिया, रशिया, उत्तर ओसेशिया आणि दक्षिण ओसेशिया. उत्तर ओसेशिया हे रशियन संघराज्याचंच एक घटकराज्य! निर्णय एकमताने व्हायचे. जॉर्जियाला तक्रार करायची तर ती ज्या टेबलावर करायची, तिथे तीन खुर्च्या समोर आणि एक आपली. फौजेचंही तसंच: जॉर्जियन, रशियन, ओसेशियन अशा प्रत्येकी ५०० पर्यंतच्या तीन तुकड्या, आणि प्रदेशाच्या बऱ्याच भागावर कायदा चालणार त्स्खिनवालीच्या, म्हणजे दक्षिण ओसेशियाच्या राजधानीतल्या, प्रशासनाचा. अबखाझियात १४ मे १९९४ च्या करारानंतर ३००० पर्यंत शांतिसैनिक आले. नाव राष्ट्रकुलाचं (माजी सोव्हिएत देशांचं, म्हणजे सीआयएसचं), माणसं रशियाची. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक होते, पण त्यांच्याजवळ हत्यार नव्हतं आणि रस्त्यावरची चौकी दुसऱ्याच्या हातात होती.

तेव्हा शांतिसेना खरी का, हा प्रश्न जरा फिरवून विचारा: तिची मुदत कोण ठरवतो, ती बदलायची तर किती सह्या लागतात, आणि ती कुणाकडे तोंड करून उभी आहे? गोळीबार तिने थांबवला हे खरं आहे, त्याचं श्रेय काढून घेऊ नका. ट्रान्सनिस्ट्रियात १९९२ नंतर पुन्हा युद्ध झालेलं नाही. पण तिच्या उभं राहण्याने ताबारेषेची हळूहळू सरहद्द होते. दोन्ही बाजूंची मुलं वेगळ्या शाळांत, वेगळ्या पाठ्यपुस्तकांवर मोठी होतात.

यानंतर पासपोर्ट. या भागाला वेळ द्या, कारण तो सहसा एका ओळीत उरकला जातो. सोव्हिएत पासपोर्ट निकामी झाले तेव्हा अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियातल्या लोकांकडे जगात चालणारा कागदच उरला नाही. जॉर्जियाचा त्यांना नको होता, स्वतःचा कुणी मानत नव्हतं. २००२ मध्ये रशियाचा नवा नागरिकत्व कायदा लागू होण्याच्या सुमारास तिथे रशियन पासपोर्टचं वाटप धडाक्यात सुरू झालं. पासपोर्ट घेतला की रशियात नोकरी, दवाखाना आणि म्हाताऱ्यांना रशियन पेन्शन. घेणाऱ्याला दोष देता येत नाही, त्याची गरज खरी होती. काही वर्षांत बहुसंख्य रहिवासी कागदोपत्री रशियन झाले. आणि रशियाच्या राज्यघटनेचं कलम ६१ म्हणतं की देशाबाहेरच्या नागरिकांचं रक्षण ही राज्याची हमी आहे. ऑगस्ट २००८ मध्ये रणगाडे रोकी बोगद्यातून उतरले तेव्हा "आमच्या नागरिकांचं रक्षण" हे कारण तयारच होतं. डोनबासमध्ये हेच एप्रिल २०१९ मध्ये झालं: दोनेत्स्क आणि लुहान्स्कच्या रहिवाशांना झटपट नागरिकत्व देण्याचा आदेश निघाला, युक्रेनमध्ये झेलेन्स्की निवडून आल्यानंतर तीन दिवसांनी. नवीन माणूस खुर्चीत बसायच्या आधीच.

चौथा भाग क्रमाचा. डोनबासमधली लढाई थांबवायला झालेल्या फेब्रुवारी २०१५ च्या दुसऱ्या मिन्स्क करारात १३ कलमं आहेत. नववं कलम सांगतं की सरहद्दीचा ताबा युक्रेनकडे परत जाण्याची सुरुवात स्थानिक निवडणुकांनंतरच्या पहिल्या दिवशी होईल, आणि पूर्ण ताबा संपूर्ण राजकीय तोडग्यानंतर मिळेल. कीव्हचं म्हणणं, सरहद्द उघडी असताना आणि बंदुका फिरत असताना निवडणूक कसली? मॉस्कोचं म्हणणं, कागदावर जे लिहिलंय ते आधी करा. कराराचं एकेक कलम बरोबर असूनही क्रमाने गळफास बसतो तो असा. त्यात रशियाची सही आहे, पण रशिया शेवटपर्यंत म्हणत राहिला की आम्ही पक्षकार नाही, हमीदार आहोत.

आता तुमचं कोडं: मान्यता का देत नाहीत? कारण मान्यता दिली की किल्ली वापरून संपते. ट्रान्सनिस्ट्रिया कागदोपत्री मोल्दोव्हाचा भाग राहिला तर त्याच्यामार्फत अख्ख्या मोल्दोव्हाच्या निर्णयात पाय अडकवता येतो. २००३ चा कोझाक मसुदा याचं उघडं उदाहरण आहे. त्यात संघराज्याच्या वरिष्ठ सभागृहात २६ जागा होत्या. १३ कनिष्ठ सभागृहाने निवडायच्या, ९ ट्रान्सनिस्ट्रियाच्या, ४ गागाउझिया या मोल्दोव्हातल्या स्वायत्त प्रदेशाच्या. ९ आणि ४ मिळवा, बरोबर निम्मे. वर रशियन सैन्य २०२० पर्यंत राहणार ही तरतूद. मोल्दोव्हाचे अध्यक्ष व्होरोनिन यांनी शेवटच्या क्षणी नकार दिला, सहीच्या समारंभाला येऊ घातलेल्या पुतिन यांचा दौरा रद्द झाला. हा आकडा फळ्यावर मांडा, मुलांना लगेच कळेल.

उलट २००८ मध्ये मान्यता दिल्यावर काय झालं? जॉर्जियाने राजनैतिक संबंध तोडले, राष्ट्रकुल सोडलं. रशियाला तळ मिळाले, पण तिबिलिसीला द्यायचं आमिष हातातून गेलं.

---

ऐरोलीकर

घोडबंदरकरांचं बहुतेक पटतं. पण मांडणी अशी झाली की जणू मॉस्कोत १९९२ साली कुणीतरी पूर्ण आराखडा आखून बसलं होतं. तसं नव्हतं, आणि हे मुलांना सांगायला हवं, नाहीतर ती परीक्षेत "रशियाचा डाव" एवढंच लिहून येतात.

१९९२ चं मॉस्को मोडकळीला आलेलं होतं. ट्रान्सनिस्ट्रियातल्या १४ व्या (आधी सोव्हिएत, मग रशियन) लष्करात कितीतरी अधिकारी-जवान तिथेच घरदार असलेले होते, वरून हुकूम येण्याआधीच ते स्थानिक बाजूला झुकले होते. रशियाचे जनरल लेबेद जूनमध्ये आले आणि त्यांनी तोफांनी लढाई निकालात काढली. अबखाझियात तर गुंता आणखी. सोव्हिएत शस्त्रांच्या वाटणीतून जॉर्जियाला रणगाडे मिळाले आणि रशियन लष्कराची मदत अबखाझ बाजूलाही गेली. अबखाझांच्या बाजूने लढलेला शामिल बसायेव पुढे चेचन्यात रशियाविरुद्धच लढला. आधी आग लागली, ती आटोक्यात ठेवता ठेवता ती उपयोगी आहे हे नंतर उमगलं, असा क्रम मला जास्त खरा वाटतो.

दुसरं, शेजाऱ्यांच्या चुका लपवू नका. २००८ च्या युद्धाची युरोपीय संघाने नेमलेल्या, स्विस मुत्सद्दी हायडी टाग्लियाव्हिनी यांच्या समितीने चौकशी केली. सप्टेंबर २००९ च्या अहवालात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही एकत्र सांगितल्या तरच न्याय होतो. उघड युद्धाची सुरुवात ७-८ ऑगस्टच्या रात्री जॉर्जियाने त्स्खिनवालीवर केलेल्या तोफमाऱ्याने झाली आणि त्याला कायद्याचा आधार नव्हता. रशियाचं नंतरचं आक्रमण बचावाच्या मर्यादेच्या फार पुढे गेलं. आणि पासपोर्टांचं ते सरसकट वाटप आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून नव्हतं. पहिलं वाक्य रशियाचे समर्थक सांगतात, उरलेली दोन विरोधक सांगतात.

तिसरं, ज्यांना हाताशी धरलं ते कायम मुठीत राहत नाहीत. अबखाझियाचा खर्च बराचसा रशियन पैशावर चालतो. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियन गुंतवणूकदारांना सवलती देणाऱ्या करारावरून राजधानी सुखुमीत लोक संसदेत घुसले आणि अध्यक्ष बझानिया यांना पायउतार व्हावं लागलं. जमिनी रशियन पैशाने गिळल्या जातील ही तिथली धास्ती जुनीच आहे. जॉर्जियापासून वेगळं व्हायचं आहे, पण रशियात विरघळायचं नाही, हा तिसरा आवाज तुमच्या मांडणीत आला पाहिजे. त्या दोन लाखांवर जॉर्जियन लोकांचाही, जे १९९२-९३ मध्ये अबखाझियातून घरं सोडून गेले आणि बहुतेक परतू शकले नाहीत. हमीदार, पक्षकार, किल्ली असले शब्द वापरताना माणसं निसटून जातात.

---

मासुंदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. २६ जागांचं गणित तर सोनं आहे.

एक उपमा सुचतेय, चालेल का सांगा. ठाण्यात जवळजवळ प्रत्येकाला कन्व्हेयन्सचा त्रास ठाऊक असतो. बिल्डर फ्लॅट देतो, सोसायटी होते, पण जमीन सोसायटीच्या नावावर करून देत नाही. मग पुनर्विकास असो की वाढीव एफएसआय, प्रत्येक कागदाला त्याची सही लागते. मोठी सत्ता म्हणजे कन्व्हेयन्स न देणारा बिल्डर, असं म्हणावं का?

आणि गॅसचं कुणी समजावून सांगेल का? "फुकट गॅस" म्हणजे नेमकं काय?

---

वाशी सेक्टर नऊ

उपमा छान बसते, फक्त एक फरक आवर्जून सांगा. आपल्याकडे बिल्डर अडून बसला तर मोफा कायद्याखाली डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करता येतो, उपनिबंधक त्याच्या सहीशिवाय हक्क देतो. देशादेशांत असा उपनिबंधक नाही. जवळात जवळची जागा सुरक्षा परिषद, आणि तिथे नकाराधिकार बिल्डरकडेच आहे. जून २००९ मध्ये अबखाझियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक पथकाची मुदत वाढवायचा ठराव रशियाने नकाराधिकाराने पाडला. १९९३ पासूनचं पथक गुंडाळून निघून गेलं.

आता गॅस. हा हिशेब पायरीपायरीने सांगितला तरच लक्षात राहतो.

२०२४ अखेरपर्यंतचा व्यवहार असा. गॅझप्रॉम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीचा पुरवठा करार मोल्दोव्हागाझ या कंपनीशी. या कंपनीत निम्मा वाटा गॅझप्रॉमचाच. गॅस पाइपातून आधी ट्रान्सनिस्ट्रियात येतो. तिथले ग्राहक आणि कारखाने स्थानिक गॅस कंपनीला अगदी स्वस्त दराने बिल भरतात. हे पैसे गॅझप्रॉमकडे जात नाहीत, तिरास्पोलच्या, म्हणजे ट्रान्सनिस्ट्रियाच्या राजधानीच्या, तिजोरीत जातात आणि त्यातून पगार-पेन्शनी निघतात. गॅझप्रॉम पैसे मागायला येत नाही, पण खातं बंदही करत नाही. थकबाकी चढते मोल्दोव्हागाझच्या नावावर, म्हणजे पर्यायाने मोल्दोव्हाच्या डोक्यावर, आणि ती अब्जावधी डॉलरांत गेली. थोडक्यात, फुटीर पट्ट्याचा संसार चालतो आणि उधारीच्या वहीत नाव मात्र दुसऱ्याचं.

पुढची पायरी जास्त हुशारीची. त्याच गॅसवर कुचुर्गानचं वीजकेंद्र चालतं. क्षमता २५२० मेगावॅट, मालकी रशियाच्या इंटर राओ या वीज कंपनीची. तिथली स्वस्त वीज मोल्दोव्हाच विकत घ्यायचा, त्याच्या गरजेचा बहुतांश भाग तिथून यायचा. म्हणजे ज्या प्रदेशाने फारकत घेतली, त्याच्याच केंद्रावर मोल्दोव्हाच्या राजधानीचे, किशिनाऊचे दिवे. मोल्दोव्हाला ही सोय सोडवत नव्हती, कारण पर्यायी वीज महाग होती आणि रोमानियाकडून पुरेशी आणायला तारांचं जाळंच जुळत नव्हतं. दोष एकट्या मॉस्कोला देऊन चालणार नाही. किशिनाऊच्या सरकारांनी वर्षानुवर्षं स्वस्त वीज घेतली आणि पर्यायावर खर्च टाळला.

हे सुटलं कसं, तेही तांत्रिकच आहे. यास-उंगेनीची गॅसवाहिनी किशिनाऊपर्यंत वाढवली गेली, त्यामुळे रोमानियातून गॅस येऊ लागला. मार्च २०२२ मध्ये युक्रेन आणि मोल्दोव्हाचं वीजजाळं युरोपच्या जाळ्याशी जोडलं गेलं. १ जानेवारी २०२५ ला युक्रेनमधून जाणारा रशियन गॅस थांबला, तेव्हा किशिनाऊ महागाईने कळवळलं पण अंधारात गेलं नाही. तिरास्पोलमध्ये मात्र घरं ऐन थंडीत गार पडली, कारखाने बंद झाले, कुचुर्गान कोळशाच्या साठ्यावर चालवावं लागलं. महिन्याभराने गॅस आला तो वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या पैशाने. तीस वर्षं मोल्दोव्हाच्या गळ्यातली दोरी त्या जानेवारीत ज्याला सांभाळायचं म्हणत होते त्याच्याच गळ्याला लागली.

याच्या शेजारी एंगुरी धरण ठेवून बघा. २७१.५ मीटर उंचीचं धरण जॉर्जियाच्या ताब्यात. तिथून सुमारे १५ किलोमीटरच्या बोगद्याने पाणी खाली जातं आणि १३०० मेगावॅटचं वीजघर आहे अबखाझियाच्या ताब्यात. पाणी एकाचं, टर्बाइन दुसऱ्याचं. ठोकळ वाटणी जॉर्जियाला ६० टक्के, अबखाझियाला ४०. हिवाळ्यात अबखाझिया वाट्यापेक्षा जास्त ओढतो, तिथे घरं विजेवर गरम होतात, शिवाय क्रिप्टो खाणकामाचे अड्डे निघाले. तरी दोन्हीकडचे अभियंते युद्धं होऊनही एकमेकांशी बोलत राहिले, कारण एकाने बंद केलं तर दोघांचे दिवे जातात. इतक्या वर्षांच्या चर्चांत असा टिकलेला व्यवहार मला दुसरा दिसत नाही. तुमच्या भाषणात याला दोन मिनिटं नक्की द्या.

---

कोपरी पूल

काराबाखवर लिहितो. इथे भिजत घोंगड्याची रीत उघडी पडली, कारण पाणी घालणारा थकला आणि एका पक्षाने वाट बघायचं सोडून दिलं.

मे १९९४ च्या युद्धविरामानंतर २६ वर्षं रशिया दोन्हीकडे होता. आर्मेनियाशी सामूहिक सुरक्षा करार आणि ग्युम्रीत लष्करी तळ. अझरबैजानला शस्त्रविक्री. आर्मेनियाला स्वस्तात, अझरबैजानला रोखीने. काराबाखच्या वाटाघाटी चालवणाऱ्या मिन्स्क गटात (डोनबासचा मिन्स्क करार वेगळा) अमेरिका आणि फ्रान्ससोबत सह-अध्यक्षपदही. या रचनेचं गृहीतक असं की दोन्ही बाजू कमीजास्त तुल्यबळ राहतील. अझरबैजानकडे तेलाचा पैसा आला, तुर्कस्तान आणि इस्रायलकडून ड्रोन आले, आणि ते गृहीतक २७ सप्टेंबर २०२० ला सुरू झालेल्या ४४ दिवसांच्या युद्धात मोडलं.

९-१० नोव्हेंबर २०२० च्या त्रिपक्षीय निवेदनाचे आकडे लिहून घ्या: १९६० शांतिसैनिक, ९० चिलखती गाड्या, ३८० इतर वाहनं. काराबाखला आर्मेनियाशी जोडणाऱ्या लाचिनच्या रस्त्याचा पट्टा ५ किलोमीटर रुंदीचा. मुदत पाच वर्षं, आणि संपण्याच्या सहा महिने आधी कुणीही एका पक्षाने नको म्हटलं नाही तर आपोआप आणखी पाच. म्हणजे या शांतिसेनेची मुदतवाढ अझरबैजान एकट्याने रोखू शकत होता.  आणखी एक भोक: बळ कधी वापरायचं, कुणावर वापरायचं, याचे नियम त्या निवेदनात नाहीतच.

डिसेंबर २०२२ मध्ये लाचिनचा रस्ता अडला. शांतिसैनिक शेजारी उभे होते. औषधं, इंधन, अन्न तुटू लागलं. रशिया तेव्हा युक्रेनमध्ये गुंतलेला, निर्बंधांमुळे तुर्कस्तान आणि अझरबैजानमार्गे जाणारा व्यापार त्याला हवा होता. १९ सप्टेंबर २०२३ ला अझरबैजानने काराबाखवर हल्ला केला, एका दिवसात संपलं. एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक काही दिवसांत घरं सोडून निघाले. आमच्या कोपरी ते घोडबंदर पट्ट्यात वाहतूक तुंबली तर कशी दिसते ते आठवा आणि त्या गाड्यांत माणसांचा अख्खा संसार भरलेला आहे असं समजा. डोंगरातला एकच रस्ता. पुढे १ जानेवारी २०२४ ला काराबाखमधल्या आर्मेनियनांचं स्वयंघोषित प्रजासत्ताकच विसर्जित झालं, आणि ज्यांना राखायचं तेच उरले नाहीत म्हणून शांतिसैनिक वसंतात परत गेले.

आर्मेनियाने त्यानंतर सामूहिक सुरक्षा करारातला सहभाग गोठवला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांचे नेते तडजोडीसाठी बसले ते वॉशिंग्टनमध्ये. मध्यस्थाची खुर्ची रिकामी दिसली की ती कुणीतरी घेतोच.

---

मुलुंड चेकनाका

श्रीलंकेबद्दल थोडक्यात. साम्य आहे, ते नाकारू नका. २९ जुलै १९८७ च्या करारासोबत राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली. त्यात त्रिंकोमाली किंवा इतर बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा रीतीने कुणा देशाला लष्करी वापरासाठी द्यायचं नाही, हे आहे. तमिळांच्या हक्कांसोबत भारताने आपलं कामही करून घेतलं.

फरक रचनेत आहे. लढणारा मुख्य गट, एलटीटीई, करारावर सही करणाऱ्यांत नव्हताच, आणि शांतिसेनेला काही आठवड्यांत त्याच्याशीच लढावं लागलं. अकराशेहून जास्त भारतीय जवान गेले. पण श्रीलंकेच्या प्रेमदासा सरकारने निघा म्हटलं, तेव्हा मार्च १९९० मध्ये शेवटचा जवान परतला. मोल्दोव्हा कित्येक वर्षं हेच म्हणतो आहे. १९९९ च्या इस्तंबूल शिखर परिषदेत रशियाने २००२ अखेर ट्रान्सनिस्ट्रियातून सैन्य काढण्याचं मान्य केलं होतं, ते आजही तिथे आहे. श्रोत्यांना तुलना करायची असेल तर यजमानाने जा म्हटल्यावर काय झालं, यावर करू द्या.

---

गावदेवीचा वाचक

मला वाटतं भाषणाची सुरुवात ट्रान्सनिस्ट्रियाकडच्या निस्टर नदीपासून करूच नका, आपल्या खाडीपासून करा. नौपाड्यातून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आज जे मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला. पेशवाईच्या वारसाचं भांडण पुण्यात धुमसत होतं तेव्हा डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी तो घेतला. मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबादादांशी तह. २५०० फौज इंग्रजांची, खर्च दादांचा, तारण म्हणून दागिने, आणि बदल्यात साष्टी आणि वसई. १७७६ च्या पुरंदरच्या तहाने सुरतेचा तह रद्द झाला, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली, साष्टी नाही. भांडण मिटलं, मध्यस्थाने घेतलेलं ठाणं गेलं ते गेलंच.

मग ३१ डिसेंबर १८०२, वसई. यशवंतराव होळकरांकडून हडपसरला हरलेल्या दुसऱ्या बाजीरावाने सही केली. कमीत कमी ६००० तैनाती पायदळ, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, इंग्रजांचा सल्ला घेतल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी नाहीत. आणि तुमच्या विषयाला नेमकं लागू पडणारं कलम हे: निजाम आणि गायकवाड यांच्याशी पेशव्यांचे जे जुने येणे-देणे वाद होते, ते इंग्रजांच्या लवादाकडे. शेजाऱ्यांच्या न मिटलेल्या भांडणांची चावी करारानेच तिसऱ्याकडे गेली.

घोडबंदरकरांनी सांगितलेले भाग इथे एकेक करून सापडतात: सही, फौज, खर्च, लवाद. पासपोर्ट तेवढा नव्हता. ठाण्याच्या श्रोत्याला कोझाक मसुदा लांबचा वाटेल, वसईचा तह वाटणार नाही.

---

मासुंदाकाठ

गावदेवीचे वाचक, हे डोक्यातच आलं नव्हतं. सुरुवात किल्ल्यापासूनच करणार. पहिली दहा मिनिटं सुरत ते वसई, मग १९९२ चे दोन कागद आणि २६ जागा फळ्यावर, गॅस आणि एंगुरीला दहा, शेवटी काराबाख. ऐरोलीकरांची तीन वाक्यं एकत्रच वाचणार.

एकच राहिलं. नकाशा भिंतीवर एकच लावता येईल. कोणता लावू?

---

घोडबंदरकर

काळ्या समुद्राचा, ओडेसा ते बाकू दिसेल असा. राजकीय रंगांचा नको, नद्या-डोंगरांचा घ्या, आणि तीन ठिकाणी लाल टिकली लावा. एक रोकी बोगदा: कॉकेशसच्या मुख्य रांगेखालचा साधारण पावणेचार किलोमीटरचा, दक्षिण ओसेशिया आणि रशिया यांच्यातला मोटारीचा एकमेव रस्ता. दुसरी लाचिन.

तिसरी कोबास्ना, ट्रान्सनिस्ट्रियाच्या उत्तर टोकाला, युक्रेनच्या सरहद्दीला जवळजवळ चिकटून. तिथे सोव्हिएत काळातला सुमारे २०,००० टन दारूगोळा पडून आहे आणि त्यावर पहारा रशियन तुकडीचा. टिकली लावल्यावर मुलांना विचारा, या तुकडीला रसद आणि बदली माणूस येणार कुठून? रशियाशी जमिनीची सरहद्द नाही, समुद्र नाही. एका बाजूला युक्रेन, दुसऱ्या बाजूला मोल्दोव्हा. पूर्वी किशिनाऊच्या विमानतळावरून किंवा युक्रेनमधून ये-जा व्हायची, आता दोन्ही वाटा बंद आहेत. म्हणून त्या दीडेक हजार सैनिकांत आज बहुतेक स्थानिक मुलं आहेत, रशियन पासपोर्ट असलेली, निस्टरच्या काठी जन्मलेली. उत्तर मुलांकडून येऊ द्या, तुम्ही आधी सांगू नका.